डिसॅबिलिटी आणि फॅमिली पेन्शन: आपला आकडा आपणच काढून बघा

आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेशी नातं नसलेलं घर शोधावं लागतं. अपशिंग्याच्या तर नावातच मिलिटरी आहे. त्यामुळे पारावर पेन्शनची चर्चा रोजचीच, आणि त्यातली निम्मी ऐकीव. "दोघंही हवालदार, दोघांचीही सर्व्हिस सारखी, मग त्याला माझ्यापेक्षा चार हजार जास्त कसे?" ह्याचं उत्तर पारावर मिळत नाही आणि बँकेतही मिळत नाही. काउंटरवरच्या पोराला ते ठाऊक असण्याचं कारणच नाही, त्याच्याकडे फक्त जमा झालेली रक्कम दिसते. उत्तर असतं पीपीओमध्ये (पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पेन्शनचा आदेश) आणि मेडिकल बोर्डाच्या कागदात.

मी फौजेत क्लार्क होतो. सगळी नोकरी ह्याच कागदांत गेली, म्हणून पेन्शनवर आल्यावरही लोक प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन दारात येतात. त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितोय. आकडे जवान आणि जेसीओंचे (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) घेतलेत. अफसरांची टक्केवारी तीच, पगार आणि एमएसपी (मिलिटरी सर्व्हिस पे) तेवढे वेगळे.

पहिलं काम: मेडिकल बोर्डाचा कागद वाचा

पीपीओ सगळ्यांकडे असतो, डिस्चार्ज बुकही असतं. मेडिकल बोर्डाची प्रत मात्र दहातल्या दोघांकडे सापडली तर नशीब. पेन्शनवर येताना एवढे कागद हातात पडतात की हा एक बाजूला राहतो. नसेल तर आपल्या रेकॉर्ड ऑफिसला साधा अर्ज करा: मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांनी बेळगावला, बॉम्बे सॅपर्सवाल्यांनी खडकीला, तोफखान्याच्या लोकांनी नाशिक रोडला, गार्ड्सवाल्यांनी कामठीला. अर्जात नंबर, रँक, नाव, पेन्शनवर आल्याची तारीख आणि "रिलीज मेडिकल बोर्डाची संपूर्ण प्रत मिळावी" एवढंच लिहा. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात मागा. त्याला दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते. स्वतःचे मेडिकल कागद स्वतःला मागायला लाजायचं कारण नाही.

कागद हातात आला की शेवटच्या पानांवर या. तिथं प्रत्येक आजारासमोर रकाने असतात. त्यांत तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, बोर्ड कुठलं. इनव्हॅलिडिंग बोर्ड म्हणजे आजारामुळे किंवा जखमेमुळे तुम्हाला मुदतीआधी घरी पाठवलं. रिलीज बोर्ड म्हणजे तुम्ही नोकरीची मुदत पुरी केली, पण लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे पूर्ण फिट नाही अशा शेऱ्यासह, बाहेर पडलात. दोघांचे पैसे वेगळे निघतात आणि नियमही वेगळे लागतात.

दुसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची: आजार नोकरीमुळे झाला का, किंवा नोकरीमुळे वाढला का. फॉर्मवर "अ‍ॅट्रिब्युटेबल" आणि "अ‍ॅग्रव्हेटेड" असे दोन वेगळे प्रश्न असतात. दोन्हींपैकी एकाला "येस" असलं तरी पुरतं. दोन्हींना "नो" असेल तर डिसॅबिलिटीचा हिस्सा, म्हणजे डिसॅबिलिटी एलिमेंट, मिळत नाही, मग टक्केवारी कितीही असो. लोक टक्क्यांवर भांडत बसतात आणि ह्या "नो" कडे बघतच नाहीत.

तिसरी, टक्केवारी. रिलीज बोर्डवाल्याला किमान 20 टक्के लागतात. दोन-तीन आजार असतील तर त्यांची बेरीज करू नका. बोर्ड एकत्रित म्हणून एक वेगळा आकडा लिहितं, तो साध्या बेरजेपेक्षा कमी भरतो. हिशेबाला तोच धरायचा. त्यातही एखादा आजार नोकरीमुळे नाही असं लिहिलं असेल, तर तो वगळून उरलेल्यांची टक्केवारी वेगळी लिहिलेली असते. पैसे तिच्यावर मिळतात.

हे झालं 2008 च्या नियमांखाली आलेल्यांचं. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम लागू झाले. त्या तारखेला किंवा नंतर मुदत पुरी करून लो मेडिकलमध्ये बाहेर पडलेल्यांना जे मिळतं त्याला आता "इम्पेअरमेंट रिलीफ" म्हणतात, डिसॅबिलिटी एलिमेंट नाही. आजार ठरवायच्या अटीही बदलल्या, विशेषतः बीपी आणि शुगरसारख्या दुखण्यांबाबत. म्हणून 2015 ला आलेल्या शेजाऱ्याचा पीपीओ बघून 2024 ला आलेल्याने आपला हिशेब मांडू नये. पारावरची निम्मी भांडणं ह्यातूनच होतात.

आता हिशेब

वही-पेन्सिल घ्या. एक हवालदार धरू. शेवटचा बेसिक 39,200. त्यात एमएसपी 5,200 मिळवा. झाले 44,400. एक्स ग्रुपवाल्यांनी (तांत्रिक कामाच्या लोकांनी) ग्रुप पे आणि ज्यांना क्लासिफिकेशन भत्ता होता त्यांनी तोही मिळवायचा. मी सोपं जावं म्हणून सोडलाय. पुढचा प्रत्येक आकडा ह्या 44,400 मधून निघतो, त्यामुळे इथं चुकलात तर शेवटपर्यंत चुकाल. महागाई भत्ता, रेशनचे पैसे, कॉम्पेन्सेटरी भत्ते ह्यात येत नाहीत. पगाराच्या स्लिपवरची मोठी रक्कम बघून ती धरणारे बरेच भेटतात.

सर्व्हिस पेन्शन म्हणजे 44,400 च्या निम्मे, 22,200.

डिसॅबिलिटी एलिमेंट 100 टक्क्यांना 44,400 च्या 30 टक्के, म्हणजे 13,320. बोर्डानं 30 टक्के लिहिलं असेल तर त्याचे 30 टक्के, 3,996. पण इथं थांबायचं नाही. ब्रॉड बँडिंग नावाचा नियम आहे: 50 च्या खालची टक्केवारी 50 धरायची, 50 ते 75 असेल तर 75, आणि 76 पासून पुढे 100. म्हणजे 30 चे 50 झाले आणि 3,996 च्या जागी 6,660 आले. फरक 2,664. त्यावर डीआर (डिअरनेस रिलीफ, पेन्शनवरची महागाई वाढ) वेगळा. 1 जुलै 2025 पासूनचा 58 टक्के डीआर धरला तर फरक महिन्याला 4,209 रुपये होतो. वर विचारलेला "चार हजार जास्त कसे" हा प्रश्न बहुतेक वेळा इथंच सुटतो.

ह्या ब्रॉड बँडिंगचा इतिहास माहीत असलेला बरा. सरकारनं 2001 मध्ये ते दिलं ते इनव्हॅलिड होऊन आलेल्यांना. मुदत पुरी करून आलेल्यांना नाकारलं. तेव्हा लोक कोर्टात गेले, आणि 10 डिसेंबर 2014 ला राम अवतार खटल्यात सुप्रीम कोर्टानं मुदत पुरी केलेल्यांनाही ते मिळालं पाहिजे असं ठरवलं. पण निकाल लागला म्हणून सगळ्यांच्या पीपीओत तो आपोआप उतरला असं समजू नका. जुन्या पीपीओत अजून 20, 30, 40 टक्के तसेच पडून असलेले मी बघतो. तुमच्या पीपीओत डिसॅबिलिटी एलिमेंटसमोर 30 टक्के असेल आणि शेजारी 50 लिहिलेलं नसेल, तर अर्ज करायला तिथं जागा आहे.

आणखी एक. ज्यांना वन रँक वन पेन्शन (सारखा रँक, सारखी नोकरी, तर सारखी पेन्शन) लागू आहे त्यांचा शेवटचा आकडा ह्या सूत्राशी तंतोतंत जुळणार नाही, कारण तो ठरावीक तक्त्यातून येतो. 1 जुलै 2014, 1 जुलै 2019 आणि 1 जुलै 2024 अशा तीनदा हे दर बदलले. रँक, ग्रुप आणि नोकरीची वर्षं ह्यांवर तक्ता वाचायचा. डिसॅबिलिटी एलिमेंटचाही तक्ता आहे हे लोक विसरतात: सर्व्हिस पेन्शन वाढली म्हणून खूश होतात आणि दुसरी ओळ जुन्याच दरानं चालू राहते. स्लिपवर दोन्ही ओळी बघा.

इनव्हॅलिड होऊन आलेल्यांचं थोडक्यात: आजार नोकरीमुळे असेल तर सर्व्हिस एलिमेंट म्हणून पगाराचा निम्मा हिस्सा मिळतो, नोकरी दोन वर्षांची असो की बारा वर्षांची. आजार नोकरीमुळे नाही असं ठरलं तर दहा वर्षांच्या नोकरीवर इनव्हॅलिड पेन्शन. दहापेक्षा कमी नोकरी असलेल्यांना पूर्वी ग्रॅच्युइटी देऊन वाटेला लावायचे. 4 जानेवारी 2019 ला किंवा त्यानंतर नोकरीत असणाऱ्यांना, फौजेच्या आणि सिव्हिलच्या दोन्ही नोकऱ्यांना कायमचे अपात्र ठरले असतील तर, दहा वर्षांच्या आतही ही पेन्शन देण्याची सोय झाली.

100 टक्के डिसॅबिलिटी असलेल्या आणि दुसऱ्याच्या मदतीशिवाय ज्याचं भागत नाही अशा माणसाला कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स असतो. सातव्या वेतन आयोगात तो महिना 6,750 ठरला, आणि महागाई भत्ता 50 टक्क्यांनी वाढला की हा 25 टक्क्यांनी वाढतो. तो मिळायचा तर बोर्डानं तशी शिफारस लिहिलेली हवी. खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमध्ये एकदा जाऊन आलं की कळतं, ही रक्कम माणूस ठेवायला किती तोकडी आहे.

लढाईतली जखम

ह्याचं नाव वॉर इंज्युरी पेन्शन, आणि दर बरेच वरचे. फौज मृत्यू आणि अपंगत्व ए ते ई अशा पाच गटांत टाकते. ए म्हणजे नोकरीशी संबंध नाही. बी म्हणजे नोकरीमुळे झालेला किंवा वाढलेला आजार. सी म्हणजे ड्यूटीवरचा अपघात. डी मध्ये अतिरेक्यांचा हल्ला असले प्रकार येतात आणि ई मध्ये शत्रूशी लढाई, सरहद्दीवरची चकमक, सुरुंग, लष्करी ऑपरेशन. डी आणि ई काही परिस्थितींत एकमेकांशेजारी बसतात.

ई मध्ये इनव्हॅलिड होऊन आलेल्याला सर्व्हिस एलिमेंट निम्मा, आणि वर वॉर इंज्युरी एलिमेंट 100 टक्क्यांना अख्खा 44,400. बोर्डानं 60 टक्के दिलं असेल तर 75 धरायचे: 33,300. सर्व्हिस एलिमेंट मिळवून 55,500, त्यावर डीआर. तोच माणूस जखमेनंतरही नोकरीत राहिला आणि मुदत पुरी करून आला, तर वॉर इंज्युरी एलिमेंट पगाराच्या 60 टक्क्यांवर काढतात. 26,640 चे 75 टक्के, म्हणजे 19,980.

म्हणून पीपीओवर नुसतं "डिसॅबिलिटी एलिमेंट" लिहिलंय की "वॉर इंज्युरी एलिमेंट" हे बोट ठेवून वाचा. सीमेवरच्या स्फोटात पाय गेला आणि पीपीओत साधी डिसॅबिलिटी, असं झालं असेल तर त्या घटनेचा बॅटल कॅज्युअल्टीचा (लढाईतला जखमी असा) पार्ट टू ऑर्डर, म्हणजे युनिटचा नोंदीचा आदेश, निघाला होता का हे आधी शोधायचं. तो असेल तर काम पत्रावर होतं. नसेल तर कोर्ट ऑफ इन्क्वायरीची प्रत आणि युनिटची डायरी इथपर्यंत जावं लागतं.

अपघाताबाबत एक गोष्ट तरुण पोरांना आवर्जून सांगतो. सुट्टीवर येताना आणि परत जाताना, ठरलेल्या वाटेवरचा प्रवास ड्यूटी धरतात. घरी पोचल्यावर गावात मोटारसायकलवरून पडलात, तर ते नोकरीशी जोडणं फार कठीण जातं. अपघात झालाच तर इंज्युरी रिपोर्ट त्याच वेळी भरून घ्या. वीस वर्षांनी तो कोणी भरत नाही.

घरधनी गेल्यावर

आता वहिनींसाठी. इथं गोंधळ जास्त, कारण बहुतेक घरांत सगळे व्यवहार नवऱ्यानंच बघितलेले असतात.

सगळ्यात आधी एक कडू गोष्ट: नवऱ्याचा डिसॅबिलिटी एलिमेंट त्याच्याबरोबर जातो. फॅमिली पेन्शन त्याच्या शेवटच्या पगारावर निघते, त्याला मिळत असलेल्या एकूण पेन्शनवर नाही. त्यामुळे घरात येणारी रक्कम एकदम खाली येते. त्याची कम्युटेशनची (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतल्याची) कपात चालू असली तरी ती फॅमिली पेन्शनमधून होत नाही, तेवढं बरं.

तीन दर आहेत, आणि ते मृत्यूच्या कारणावर ठरतात. तोच 44,400 चा हवालदार धरा.

ऑर्डिनरी फॅमिली पेन्शन 30 टक्के: 13,320. त्यापूर्वी काही वर्षं ती 50 टक्के दरानं, म्हणजे 22,200 मिळते. माणूस नोकरीत असताना गेला तर दहा वर्षं. पेन्शनवर आल्यानंतर गेला तर सात वर्षं किंवा तो 67 वर्षांचा झाला असता तोपर्यंत, ह्यांत जे आधी येईल ते. पन्नाशीत गेला तर पुरी सात वर्षं. 63 ला गेला तर चारच. ही मुदत संपली की एका महिन्यात 22,200 चे 13,320 होतात आणि वहिनी घाबरून पळत येतात की कोणीतरी पैसे खाल्ले. कोणी खाल्लेले नसतात, पीपीओवर तारीख लिहिलेली असते. ती आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा. कर्जाचा हप्ता ठरवताना 13,320 च धरा. कोणत्याही फॅमिली पेन्शनला सातव्या आयोगाप्रमाणे 9,000 चा तळ आहे.

स्पेशल फॅमिली पेन्शन 60 टक्के: 26,640. नोकरीमुळे झालेल्या किंवा वाढलेल्या आजारानं किंवा ड्यूटीवरच्या अपघातात मृत्यू झाला तर, म्हणजे बी आणि सी गटात. तिला सात-दहा वर्षांची कात्री नाही.

लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन 100 टक्के: अख्खे 44,400. डी आणि ई साठी.

58 टक्के डीआर मिळवून पाहिलं तर महिन्याला ऑर्डिनरीला 21,046, स्पेशलला 42,091, लिबरलाइज्डला 70,152. एका शब्दाचा फरक आणि रक्कम दुप्पट. म्हणून म्हणतो, मृत्यूचं कारण कागदावर काय लागलंय ते बघा.

आमच्या शेजारच्या गावातल्या एक काकू कागद घेऊन आल्या होत्या, सुनेनं त्यांना गाडीवरून आणलं होतं. नवरा नायक होता, उंचावरच्या पोस्टवर असताना हार्ट अटॅकनं गेला. पीपीओत ऑर्डिनरी. कारणाच्या जागी दीड ओळ होती: आजार शरीरप्रकृतीचा, नोकरीशी संबंध नाही. काकूंना त्याचा अर्थ आजवर कोणी सांगितलेला नव्हता, त्यांनी अंगठ्याशेजारी सही करून तो कागद देवघराच्या फळीत ठेवला होता. हार्टच्या केसमध्ये आधीच्या 14 दिवसांत माणूस काय काम करत होता ह्याचा तपशील युनिटकडून मागवायचा असतो, आणि त्यावर ताण होता की नाही हे ठरतं. त्यांच्या फायलीत तो कागदच नव्हता. आम्ही आधी तो मागितला. पेन्शन वाढवून द्या असं पहिल्या पत्रात लिहिलंच नाही. ही पद्धत मला नेहमी बरी वाटते: आधी कागद मागा, मग हक्क. उलटं केलं की छापील नकार येतो आणि कागद राहतो तिकडेच.

एक प्रकार लोकांच्या ध्यानात येत नाही. डिसॅबिलिटी पेन्शन घेणारा माणूस घरी असताना, ज्या दुखण्यावर पेन्शन मिळत होती त्याच दुखण्यानं गेला, तर स्पेशल फॅमिली पेन्शनचा दावा करता येतो. इथं मृत्यूच्या दाखल्यापेक्षा हॉस्पिटलचा कागद कामाला येतो. ग्रामपंचायतीच्या दाखल्यात कारण नसतं. तेव्हा डॉक्टरांकडून मृत्यूचं वैद्यकीय कारण लिहिलेलं प्रमाणपत्र आणि शेवटच्या उपचारांचे कागद त्याच आठवड्यात घेऊन ठेवा. घरात तेव्हा कोणाचं डोकं ठिकाणावर नसतं, म्हणून हे काम भावकीतल्या एखाद्या शहाण्या पोरावर सोपवा.

वहिनींना स्वतःचा पगार असला तरी फॅमिली पेन्शन थांबत नाही. आणि नवरा फौजेतून आल्यावर दुसऱ्या सरकारी नोकरीत होता म्हणून फौजेची फॅमिली पेन्शन नाकारली असेल, तर तो जुना नियम गेला. 24 सप्टेंबर 2012 पासून दोन्हीकडची घेता येते.

नावं आणि जन्मतारखा

ह्यात जेवढी प्रकरणं अडकतात तेवढी कायद्यात अडकत नाहीत. फौजेच्या कागदावर "लक्ष्मी", आधारवर "लक्ष्मीबाई", बँकेत माहेरचं नाव. पार्ट टू ऑर्डर लग्नाच्या वेळी निघालेला, त्यात इंग्रजी स्पेलिंग कुणी कसं केलंय देवाला माहीत. जन्मतारखेचं तर विचारू नका. शाळेत गुरुजींनी सगळ्यांना एक जून दिलेला, न शिकलेल्या बायकांना आधारवर एक जानेवारी, आणि फौजेच्या नोंदीत नुसतं वर्ष.

नवरा जिवंत असताना हे एका अर्जानं होतं: त्याची सही, आधार, पॅन, प्रतिज्ञापत्र, जोडीचा फोटो, आणि रेकॉर्ड ऑफिसला पत्र. तो गेल्यावर त्याच कामाला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे दाखले, गॅझेट आणि बऱ्याच खेपा लागतात. तेव्हा हे वाचणाऱ्या माजी सैनिक भावांनी आज संध्याकाळी बायकोचं आधार आणि आपला पीपीओ शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवावं. पीपीओत जॉइंट नोटिफिकेशन म्हणून पत्नीचं नाव आहे का, तेही बघा. दुसरी मुलं, अपंग मूल असेल तर त्याचं नावही चढवून घ्या. अपंग मुलाला पुढं आयुष्यभर फॅमिली पेन्शनचा हक्क असतो, पण नंतर सिद्ध करत बसणं अवघड.

तारखेचा फायदा आणखी एका ठिकाणी. 80 पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर किंवा फॅमिली पेन्शनवर 20 टक्के जादा, 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50 आणि शंभरीला 100 टक्के. पीपीओत जन्मतारीखच नसेल तर मशीनला वय कळत नाही, आणि 83 वर्षांची आजी जुन्याच दरानं घेत राहते. घरात कोणी ऐंशीच्या पुढं असेल तर हे आधी तपासा, कारण इथं वाद काहीच नसतो, फक्त नोंद करायची असते.

स्पर्श

आता जवळजवळ सगळ्यांची पेन्शन स्पर्शवर, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर, गेली आहे. प्रयागराजचं पेन्शन ऑफिस तिथून थेट खात्यात पैसे टाकतं. पासवर्ड पुतण्याकडे असतो आणि पुतण्या पुण्याला असतो, हे चालायचं नाही. लॉगिनला लागलेला मोबाइल नंबर घरातल्याच माणसाचा ठेवा. आत गेल्यावर पीपीओ आणि महिन्याची पेन्शन स्लिप डाउनलोड करा, आणि वर काढलेल्या हिशेबाशी ओळ न् ओळ लावून बघा: सर्व्हिस, डिसॅबिलिटी, डीआर, कपात. तक्रार तिथूनच घालता येते, तिचा नंबर लिहून ठेवा. तक्रारीत गोष्ट सांगू नका. "पीपीओ नंबर अमुक, टक्केवारी 30, ब्रॉड बँडिंग लागू नाही, दुरुस्त पीपीओ काढावा" एवढं पुरतं.

हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यायचा. शेतात राबलेल्या बायकांच्या बोटांचे ठसे मशीनवर उठत नाहीत आणि केंद्रावरचा माणूस त्यांना परत पाठवतो. मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढता येतो, ही सोय 2021 पासून आहे. उजेडात बसवा, डोक्यावरचा पदर थोडा मागं घ्या आणि डोळ्यांची उघडझाप करायला सांगा.

नकार आला तर

नकाराच्या पत्रावर तारीख असते, त्या तारखेपासून सहा महिन्यांत पहिलं अपील करायचं. ते रेकॉर्ड ऑफिसमार्फत जातं. तेही फेटाळलं तर दुसरं अपील, आणि मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल. आपल्याला मुंबईचं बेंच लागतं. अपिलात काय लिहायचं ह्याला दोन निकालांचा आधार फार मोठा आहे. 2 जुलै 2013 च्या धरमवीर सिंग निकालानं सांगितलं की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा धडधाकट होता असं धरायचं, आणि आजार नोकरीमुळे नाही हे सिद्ध करणं फौजेचं काम. त्यामुळे "आजार पीस स्टेशनला सुरू झाला" एवढ्या एका वाक्यावर नकार असेल तर तो टिकणं अवघड जातं. दुसरा 2014 चा सुखविंदर सिंग निकाल: आजारामुळे नोकरीतून काढलं असेल तर डिसॅबिलिटी 20 टक्क्यांच्या वरच धरली पाहिजे. पीपीओत 15 टक्के लिहून इनव्हॅलिड केलेल्यांनी हा जरूर वाचावा.

उशिराबद्दल: पेन्शनचा हक्क जुना झाला म्हणून मरत नाही, पण मागच्या थकबाकीला कोर्टं 2008 च्या तर्सेम सिंग निकालापासून साधारण तीन वर्षांची मर्यादा लावत आली आहेत. म्हणजे अर्ज करायला जितकी वर्षं लावाल तितके पैसे सोडून द्याल.

इन्कम टॅक्सचा मुद्दाही वादाचाच. 24 जून 2019 च्या परिपत्रकात सवलत इनव्हॅलिड होऊन आलेल्यांनाच असं म्हटलंय, मुदत पुरी केलेल्यांना नाही. रिटर्न भरणाऱ्याला आपला पीपीओ दाखवा, "फौजीला टॅक्स नसतो" असं तोंडी सांगू नका.

आठव्या आयोगाचं काय, हे हल्ली सगळेच विचारतात. न्यायमूर्ती रंजना देसाईंच्या अध्यक्षतेखाली आयोग बसलाय. पगाराचे आकडे बदलतील तेव्हा 44,400 च्या जागी नवा आकडा घालून वरचा हिशेब पुन्हा मांडता येईल. पण बोर्डाच्या कागदावरचा "नो" कुठलाही आयोग बदलून देत नाही, तो अपिलातच बदलतो.

वकील लागतो तो ट्रिब्युनलला. त्याआधीच्या अर्जांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात फुकट मदत मिळते. एरिअर्समधले वीस-तीस टक्के द्या म्हणणारे एजंट आता गावोगाव फिरतात आणि कोऱ्या चेकवर सही मागतात. त्यांना दारातूनच रामराम करा. ट्रिब्युनलला जायचंच असेल तर फी आधी ठरवून घ्या, लिहून घ्या, आणि मूळ कागद कोणालाही देऊ नका. झेरॉक्सचा एक संच वकिलाला, एक घरात, आणि मेडिकल बोर्डाचा फोटो मोबाइलवर.